ओटीपोटाचं आधी विचार

पोरी, उपकेंद्राची ऑर्डर हातात पडली म्हणालीस, तेव्हापासून तुला काही गोष्टी सांगायच्या मनात आहेत. ट्रेनिंगमधलं शिकवलेलं तुला माझ्यापेक्षा ताजं आठवतंय, ते मी परत सांगत बसत नाही. मी सांगते ते २०२० आणि २०२१ मध्ये दारोदार फिरताना हाती लागलेलं. साथ पुन्हा येणार आहे. कोरोनाची येईल नाहीतर दुसऱ्या कशाची, आणि तुला कोल्हापूरचा शिरोळ तालुका मिळालाय, म्हणजे साथ आणि महापूर एकदमच यायची तयारी ठेव. २०२१ च्या जुलैत तसंच झालं होतं. अशा वेळी सगळं खातं एका आजाराच्या मागं लागतं आणि बायकांची पाळी, ओटीपोट, अंगावरून जाणं हे सगळं 'नंतर बघू'मध्ये जातं. बायकासुद्धा आपलं दुखणं आपणच मागं सारतात. ते पुढं ओढून आणणं हे तुझं काम.

आधी तापाचं सांगते, कारण तिथं जीव जातो. साथीत ताप म्हटलं की सगळ्यांना एकच आजार दिसतो. बाईला ताप आला, स्वॅब घेतला, आता रिपोर्ट येऊ दे. स्वॅब घे, त्याला कुणाची ना नाही. पण तिथंच उभ्याउभ्या विचार: बाळंत होऊन किंवा गर्भपात होऊन दीड महिन्याच्या आत आहे का? ओटीपोटात दुखतंय का? अंगावरून घाण वासाचं काही जातंय का? यातल्या एकालाही 'व्हय' आलं तर रिपोर्टची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांसमोर तिला न्यायचं. बाळंतपणानंतर पिशवीत जंतू शिरले तर ते दुखणं दिवसांचा हिशेब बघत नाही, तासांनी वाढतं. आणि पाळी चुकलीय का हे कधीही विचारायचं सोडू नकोस. पाळी चुकलेली, एका बाजूला कळ, चक्कर, थोडंसं अंगावर जातंय, अशी बाई नळीत गर्भ राहिलेली असू शकते. तिथं १०८ लाव. पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवायची ती बाई नव्हे.

आता ओटीपोटाच्या जंतुसंसर्गाचं. हे तुला पुस्तकात एका पानात शिकवलं असेल, पण गावात याच्यासारखं लपून बसणारं दुखणं दुसरं नाही. जंतू पिशवीच्या तोंडातून वर चढतात, पिशवीत जातात, नळ्यांत जातात. कधी ताप येतो, कधी येतच नाही. ओटीपोट जड वाटतं, नवऱ्याजवळ जाताना दुखतं, दोन पाळ्यांच्या मधे डाग दिसतो, पांढरं जातं, कंबर धरते. बाई म्हणते, "कामानं व्हतंय." दुखणं सोसण्यासारखं असतं म्हणून ती सोसते, आणि तेवढ्या वेळात नळ्या आतून चिकटून जातात. पुढं मूल राहत नाही, नाहीतर नळीतच राहतं, नाहीतर वर्षानुवर्षं ओटीपोट दुखत राहतं. लॉकडाऊनमध्ये "एसटी सुरू झाली की दाखवू" म्हणून थांबलेल्या बायकांचं मला आजही वाईट वाटतं ते याच्यासाठी. दोन महिने थांबणं गुडघ्याला चालतं, नळ्यांना चालत नाही.

औषध आहे, आणि सरकारी आहे, फुकट आहे. पिवळं किट, सहा नंबरचं, तुला माहीत आहेच. पण ते वाटताना बायकांना काय सांगायचं ते ऐक. चौदा दिवसांच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या. चौथ्या दिवशी दुखायचं थांबतं आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, पुढच्या खेपेला जावेला दिल्या जातात. म्हणून तिसऱ्या दिवशी तू स्वतः फोन कर: दुखणं कमी झालं का? झालं नसेल तर परत डॉक्टरांकडं, कारण तीन दिवसांत फरक पडायलाच हवा. सातव्या दिवशी परत फोन कर आणि गोळ्या मोजायला सांग. किट द्यायच्या आधी पोटात मूल नाही ना याची खात्री डॉक्टरांनी करायची, त्यातली डॉक्सीसायक्लिन गरोदर बाईला चालत नाही.

नवऱ्याचं औषध हा नाजूक भाग. नवऱ्याला औषध मिळालं नाही तर जंतू परत येतात, हे खरं. पण बाईला ते असं सांगू नकोस की घरात आग लागेल. "दोघांनी एकदम घेतलं तरच बरं वाटतं, नाहीतर पैसा आणि गोळ्या वाया," एवढंच म्हण. नवऱ्याला सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकात पाठव, तिथं नाव बाहेर जात नाही. आणि प्रत्येक पांढऱ्या जाण्याचा दोष नवऱ्यावर टाकायचा नाही हेही लक्षात ठेव. दह्याच्या कवड्यांसारखं जातं आणि खाज सुटते ती बुरशी, ती बहुतेक वेळा बाहेरून कुणी आणलेली नसते. राखाडी, पातळ, मासळीसारखा वास येणारं वेगळं. हिरवट-पिवळं, फेसाळ वेगळं. पाळीच्या मध्यावर काचेसारखं, ताणलं जाणारं जातं ते तर आजारच नव्हे. आपल्याकडं बायकांना वाटतं की पांढरं जाऊन हाडं झिजतात. झिजत नाहीत. अशक्तपणा असला तर हिमोग्लोबिन बघ, बहुतेक वेळा गोम तिथं असते.

बायका बोलत नाहीत, हे तुला कुणीही सांगेल. किती बोलत नाहीत ते डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत मोजून दाखवलं. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. १०० पैकी ५५ बायकांची काहीतरी तक्रार होती, आणि तपासल्यावर ९२ जणींत स्त्रीरोग सापडला. त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. हे साथ नसताना. मग साथीत, दवाखान्याच्या दारात पोलीस उभा असताना, काय होत असेल याचा अंदाज तूच बांध.

म्हणून वाट बघायची नाही, आपण विचारायचं. १५ सप्टेंबर २०२० ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं. घरोघर ताप बघा, ऑक्सिजन बघा, कागद भरा. मी आशाताईंना सांगितलं होतं, बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा यायला थोडा वेळ जातो, तेवढ्यात बाईच्या जवळ वाकून हळू विचारा, "पाळीचं बरं आहे ना? ओटीपोटात काही?" त्या एका प्रश्नावर किती जणींनी डोळे पुसले ते मी बघितलंय. दारात आपण गेलेलोच असतो. तापाच्या कागदात पाळीचा रकाना नसतो, तो तू आपल्या मनानं घालायचा.

फोनवरची गोष्ट वेगळी. फोन नवऱ्याचा असतो, शेजारी सासू बसलेली असते, लॉकडाऊनमध्ये तर सगळं घर दोन खोल्यांत. "काय होतंय सांग" असं विचारलंस तर ती "काय न्हाई" म्हणून फोन ठेवेल. म्हणून प्रश्न असे विचार की तिला 'व्हय' किंवा 'न्हाई' एवढंच बोलावं लागेल. खाज आहे? वास येतो? ताप? पाळी चुकली? घरात कुणाचा त्रास आहे? उपकेंद्रात येशील? तिचं सगळं दुखणं सासूसमोर बाहेर येतं आणि सासूला पत्ता लागत नाही. ई-संजीवनी, म्हणजे मोबाईलवरून डॉक्टरांना दाखवायची सरकारी सोय, १३ एप्रिल २०२० ला सुरू झाली, तिचा उपयोग जरूर कर, पण डॉक्टर समोर यायच्या आधी बाईला वेगळ्या खोलीत बसव आणि दार लाव. आणि ओटीपोटाचं दुखणं फोनवर मिटवू नकोस, तिथं हात लावून बघावं लागतं.

पाळीच्या कपड्याचं सांगते. २४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला तेव्हा जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत सॅनिटरी पॅड आहेत की नाहीत याचाच घोळ होता, २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्यानं ते स्पष्ट केलं. तोवर दुकानदार घाबरलेले. शाळा बंद झाल्या त्या लवकर उघडल्याच नाहीत. अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट २०१८ पासून मिळायचं, पण शाळेचा आणि बचत गटाचा रस्ताच बंद झाला की पोरींनी काय करायचं? आईच्या जुन्या साडीचे तुकडे परत निघाले. मी म्हणते, कापड वाईट नाही. सुती असावं, साबणानं धुतलेलं असावं, उन्हात वाळलेलं असावं आणि दिवसातून चार-पाचदा बदललेलं असावं. घोटाळा वाळवण्यात आहे. घरात दिवसभर बाप्ये माणसं, म्हणून पोरी ते कापड दुसऱ्या कपड्याखाली, कोपऱ्यात, ओलसर जागी वाळत घालतात. अर्धवट ओलं कापड परत लागतं आणि मग जांघा सोलतात, खाज सुटते. आईला सांग, पोरीला वाळत घालायला उन्हाची जागा करून दे. आईच्या तोंडून 'इथं घाल, लाजू नकोस' एवढं निघालं तरी पुष्कळ होतं. पुढच्या साथीसाठी म्हणशील तर उपकेंद्रात पॅडचा साठा आधीच मागवून ठेव आणि शाळा बंद पडली तर आशाताईंकडून घरी पोचव.

स्वच्छतेचा अतिरेक हाही साथीतलाच आजार. हात धुवा, धुवा म्हणून सांगितलं, ते बरोबरच. पण काही बायकांनी खालीसुद्धा जंतुनाशक ओतलं, सॅनिटायझर लावला, साबणाच्या पाण्यानं आतून धुवायला लागल्या. आतलं अंग स्वतःला स्वच्छ ठेवतं. तिथं चांगले जंतू असतात, ते मेले की वाईटांना रान मोकळं मिळतं, आणि आतून धुणाऱ्या बायकांत ओटीपोटाचा संसर्ग जास्त होतो. बाहेरून साधं पाणी पुरे, आणि पुसताना पुढून मागं. आणखी एक. कोरोनात अँटिबायोटिकच्या गोळ्या भाजीसारख्या खाल्ल्या गेल्या, आणि कित्येकांना स्टेरॉइड दिली गेली. अँटिबायोटिकनं बुरशी वाढते. स्टेरॉइडनं रक्तातली साखर वाढते आणि साखरेनं परत बुरशी. एखाद्या बाईची खाज मलमानं जाते आणि महिन्यात परत येते, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा मलम देऊ नकोस, साखर तपास.

उन्हाळी लागली म्हणून येणाऱ्या बायका वेगळ्या ओळखायला शीक. लघवीला जळजळ, सारखी जायची घाई, ही लघवीच्या मार्गाची तक्रार. पाठीत कळ आणि थंडी वाजून ताप आला तर मूत्रपिंडापर्यंत गेलंय समजायचं. हा त्रास आपल्यालाही होतो. पीपीई किट घालून तासन्‌तास उभ्या राहिलेल्या आमच्या नर्स पोरी पाणीच पीत नव्हत्या, कारण एकदा काढलं की किट वाया. पाळीचं पॅडही बदलता यायचं नाही. तुझ्यावर अशी ड्यूटी आली तर पाळीच्या दिवसांत कमी तासांचं काम मागून घे. मागायला लाजू नकोस, आणि तुझ्या हाताखालच्या पोरींना मागायला लावू नकोस, आपण होऊन दे.

तांबी आणि अंतरा इंजेक्शनचं काम साथीत बंद पडू देऊ नकोस. तांबी बसवल्यावर पहिले तीन आठवडे संसर्गाचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून बसवायच्या आधी तपासणी हवी आणि बसवल्यावर ताप, कळ, घाण वास आला तर लगेच बोलवायचं. त्यानंतर ओटीपोट दुखलं की तांबीवर खापर फोडून ती लगेच काढायची गरज नसते, औषधानं बरं वाटतंय का ते डॉक्टर बघतात. अंतराच्या इंजेक्शनची तारीख हुकली म्हणून बाई घाबरते. चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, हे तिला सांग. वहीत या तारखा वेगळ्या पानावर लिही आणि बंद जाहीर झाला की पहिल्या दोन दिवसांत त्या पानावरच्यांना फोन कर.

कारण ते पान हुकलं की पुढं काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. इपास डेव्हलपमेंट फाउंडेशननं अंदाज काढला होता की २५ मार्च ते २४ जून २०२० या तीन महिन्यांत देशात साडेअठरा लाख बायकांना गर्भपाताची सोय वेळेत किंवा हवी तशी मिळाली नाही. त्यातल्या किती जणींनी मेडिकलमधून गोळ्या आणून न्हाणीघरात घेतल्या असतील. अर्धवट राहिलं की पिशवीत जंतू. अशी बाई आली तर तिला रागावू नकोस. रागावलीस तर पुढच्या वेळी ती तुझ्या दारात यायची नाही. किती दिवस झाले, गोळ्या कुणी दिल्या, रक्त किती जातंय एवढंच विचार. तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, किंवा ताप आणि घाण वास आहे, तर गाडी मागव. आणि कायदा तिला सांग. २०२१ च्या सुधारणेनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, लग्न झालेलं असो वा नसो, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

लसीवरून पाळीचं काहूर उठलं होतं ते तुला आठवत असेल. एप्रिल २०२१ मध्ये मोबाईलवर फिरलं, पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका. सरकारनं ते खोटं म्हणून जाहीर केलं, तरी आपल्या पोरी रांगेतून परत गेल्या. नंतर अमेरिकेत ३,९५९ बायकांच्या पाळीच्या नोंदी तपासल्या, तर लसीनंतर पाळी सरासरी एक दिवससुद्धा पुढं गेली नव्हती. गरोदर बायकांना लस २ जुलै २०२१ ला खुली झाली. अफवेला उत्तर देताना आकडा सांग आणि बाईला काय वाटलं तेही ऐक. "तुझी पाळी खरंच पुढं गेली असेल, एक-दोन महिन्यांत ठिकाणावर येईल, नाही आली तर ये." तुझं काही बदललंच नाही असं म्हटलं की विश्वास तुटतो. पाळी कायमची थांबून वर्ष झालेल्या बाईला परत अंगावर गेलं तर मात्र कोरोना, लस, उष्णता काहीही कारण ऐकायचं नाही, तपासणी करायचीच.

पिशवी काढायच्या सल्ल्यापुढं आडवी उभी राहा. आपल्याकडं हंगामात बीडच्या टोळ्या ऊस तोडायला येतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली, ८२ हजारांहून जास्त बायकांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जातं, पोट दुखतं, तर कॅन्सर होईल अशी भीती घालून काढलेल्या किती तरी. पाळी, संसर्ग, खाडे, उचल, सगळ्याचा सोक्षमोक्ष एका ऑपरेशनात. लॉकडाऊन लागला तेव्हा याच टोळ्या फडावर अडकून पडल्या होत्या, एप्रिल २०२० मध्ये त्यांना गावी जायला परवानगी मिळाली. कोपीत संडास नाही, पाणी लांबून आणायचं, पाळी त्यातच. तुझ्या हद्दीत टोळी उतरली की ती 'आपल्या गावची नाही' म्हणून वगळू नकोस. किट त्यांनाही द्यायचं. आणि पिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या कुठल्याही बाईला सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय टेबलावर जाऊ देऊ नकोस.

क्षयाचं विसरू नकोस. तो पिशवीत, नळ्यांतही होतो. पाळी कमी होत गेलेली, मूल राहत नाही, बारीक ताप, वजन उतरतंय, तर ते मनात असू दे. २०१९ मध्ये देशात क्षयाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. रोग कमी झाला नव्हता, शोधणारी माणसं दुसरीकडं लागली होती.

बायकांना बाईच डॉक्टर हवी, हे कोल्हापूरला फार आधी कळलं होतं. १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानानं आनंदीबाई जोशींना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात बायकांच्या वॉर्डाची प्रमुख नेमलं. तेच आजचं सीपीआर रुग्णालय. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत, १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. पुढं शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी तिथं काम केलं. साथीत मोठी रुग्णालयं एका आजारासाठी राखली जातात, सीपीआरचं तसंच झालं होतं. म्हणून साथ जाहीर झाली की पहिल्याच दिवशी शोधून काढ, बाळंतपणं कुठं हलवली, बाई डॉक्टर कुठल्या दवाखान्यात बसतात, सोनोग्राफी कुठं चालू आहे. तो कागद उपकेंद्राच्या दारावर लाव आणि प्रत्येक आशाताईच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव.

राहिला पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर इशारा, ४३ ला धोका. पण नृसिंहवाडी-कुरुंदवाडकडं कृष्णेचंही पाणी येतं, तुला दोन्हीकडं कान लावावे लागतील. २०२१ ला राज्यात इतरत्र कोरोना उतरत होता, आपल्याकडं जून-जुलैत उतरायचं नाव नव्हतं, आणि त्यातच शाळांत छावण्या भरल्या. मे महिन्यातच नदीकाठच्या बायकांकडून पिशवी भरून घे. पॅड किंवा सुती कापड, दोन-तीन जास्तीच्या चड्ड्या, साबण, बॅटरी, वापरलेलं ठेवायला काळी पिशवी, चालू असलेल्या गोळ्या आणि तांबी-अंतराचं कार्ड, आणि एक नायलॉनची दोरी. छावणीत गेलीस की आधी बायकांचा संडास बघ, दाराला कडी आहे का, रात्री दिवा आहे का. नाहीतर बायका संध्याकाळपासून पाणी प्यायचं सोडतात. ओल्या कपड्यांवर बसलेल्यांना आधी कोरडे कपडे मिळवून दे. दीड महिन्याच्या आतल्या बाळंतिणी आणि किट चालू असलेल्या बायका यांची यादी पहिल्याच संध्याकाळी कर, आणि गोळ्या पाण्यात गेल्या असतील तर उरलेल्या दिवसांचं औषध दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं मागव. शाळेची एक खोली फक्त बायकांसाठी मुख्याध्यापकांकडून मागून घे, ती दोरी तिथं खिडकीपासून खिडकीपर्यंत बांध, उन्हाच्या बाजूला.